बँकेत जाण्याआधी आपला आकडा आपल्या खिशात हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको दोघंही पगारदार, महाराष्ट्रातच पहिलंच घर, साठ लाखांच्या आसपासचा फ्लॅट जवळपास पसंत झालाय. पुढच्या आठवड्यात गृहकर्ज अधिकाऱ्याने भेटीची वेळ दिलीय. सोबत काय न्यायचं, काय विचारायचं, काय बोलायचं नाही? आणि नवऱ्याला रजा मिळत नाहीये, तर मी एकटी गेले तर चालेल का?

मी बावीस वर्षं त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून गृहकर्जाच्या फायली केल्या. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. पहिल्यांदा घर घेणारे बहुतेक जण खुर्ची ओढून बसायच्या आत विचारायचे, "साहेब, आम्हाला किती मिळेल?" हा प्रश्न आला की आमचं काम निम्मं सोपं व्हायचं. कारण मग आम्ही आकडा सांगायचो आणि समोरचा त्या आकड्याचं घर शोधायला लागायचा. बँक किती देईल आणि तुम्हाला किती झेपेल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काढायला बँकेकडे सूत्र आहे. दुसरी फक्त तुमच्या घरातल्या वहीत सापडते, आणि ती भेटीच्या आधी सापडलेली असली पाहिजे.

बँकेचं सूत्र कसं चालतं ते एकदा बघा, म्हणजे त्याचा दरारा जाईल. समजा, एका माणसाच्या हातात महिना ₹७०,००० पडतात. बँक म्हणते, यातले निम्मे हप्त्यांना जाऊ शकतात. (हे प्रमाण प्रत्येक बँकेचं वेगळं, पगार वाढेल तसं तेही वाढतं; चाळीस ते साठ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असतं.) म्हणजे ₹३५,०००. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी एक लाखाच्या कर्जाला महिना साधारण ₹८६८ हप्ता बसतो. ३५,००० ला ८६८ ने भागलं की चाळीस लाखांच्या थोडं वर कर्ज येतं. पण या गृहस्थाचा दुचाकीचा आणि मोबाइलचा मिळून ₹६,५०० हप्ता चालू आहे. तो आधी वजा होतो. उरले २८,५००, आणि कर्ज आलं तेहेतीस लाखांच्या आत. साडेसहा हजारांच्या हप्त्याने साडेसात लाखांची पात्रता खाल्ली. दुचाकीचे चार-पाच हप्तेच उरले असतील तर अर्ज करण्याआधी ते भरून टाकणं का शहाणपणाचं, ते यावरून कळेल. ते ₹८६८ लक्षात ठेवा. पंधरा वर्षांना ९८५ आणि तीस वर्षांना ७६९. एवढ्या तीन आकड्यांवर तुम्ही अधिकाऱ्यासमोर तोंडी हिशेब करू शकता, आणि तो तुमच्याशी जरा जपून बोलायला लागतो.

आता तुमचा स्वतःचा आकडा. याला मला ठाऊक असलेली एकच खात्रीची पद्धत आहे. आज तुम्ही समजा ₹१८,००० भाडं देताय आणि होणारा हप्ता ₹४२,००० आहे. मधला फरक चोवीस हजारांचा. पगार झाला त्या दिवशी हे चोवीस हजार वेगळ्या खात्यात टाका आणि त्यांना हात लावू नका. असे तीन महिने काढा. तिसऱ्या महिन्यात क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरता आलं नाही, किंवा त्या खात्यातून थोडे काढावे लागले, तर तुमचा आकडा बेचाळीस नाही. घर पसंत पडल्यावर हा प्रयोग कोणी करत नाही, कारण उत्तर नको असतं. आणि नव्या घरात देखभाल खर्च आणि मालमत्ता कर भाड्याच्या घरासारखे मालक भरत नाही, हेही त्यात धरा. मूल होण्याचा विचार असेल, दोघांपैकी एकाचा पगार वर्षभर थांबण्याची शक्यता असेल, तर एका पगारावर हप्ता किती महिने ओढता येईल हे मोजा. बँकेच्या कोष्टकात या गोष्टीला रकाना नाही.

भेटीच्या आधी दोघांचेही क्रेडिट अहवाल काढा, म्हणजे आजवरची कर्जं आणि कार्डं कशी फेडली याची नोंद आणि त्यावरून दिलेले गुण. देशात चार संस्था हे अहवाल ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. ही भीती उगाच पसरलेली आहे. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात, पण नुसता आकडा बघून अहवाल बंद करू नका. खाली एकेक खातं वाचा. कधीच फेडून टाकलेलं कर्ज अजून चालू दिसतं, बंद केलेल्या कार्डावर दोनशे रुपये थकीत दिसतात, नावाच्या साम्यामुळे दुसऱ्याचंच कर्ज आपल्या नावावर चढलेलं असतं. तक्रार केल्यावर तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला ₹१०० भरपाई मिळते, पण तुम्हाला भरपाई नकोय, फ्लॅट हवाय. तेव्हा हे काम महिनाभर आधीच सुरू करा.

एक प्रसंग सांगतो, त्यात चूक माझी होती. एक तरुण जोडपं समोर बसलं होतं. मी दोघांचे अहवाल काढले आणि सवयीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नवऱ्याच्या नावावर तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज होतं. बायकोने ते वाचलं, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पाण्याचा ग्लास उचलून बराच वेळ पीत बसली. त्यानंतर त्या भेटीत कोणी व्याजदराबद्दल काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मी स्क्रीन वळवायच्या आधी विचारायला लागलो. सांगायचं कारण एवढंच, की ताकाला जाऊन भांडं लपवून उपयोग नाही. अधिकाऱ्याला सगळं दिसतंच. घरातल्यांना ते तिथे पहिल्यांदा दिसू नये.

कागदांचं फार अवघड नाही. पॅन, आधार, तीन ते सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, दोन वर्षांचे फॉर्म १६, पगार जमा होतो त्या खात्याचं सहा महिने ते वर्षभराचं विवरण, चालू कर्जांची विवरणं. दोघांचंही. खात्यात मधेच एखादी मोठी रक्कम आली असेल, सासऱ्यांनी दिली असेल किंवा ठेव मोडली असेल, तर तिचा कागद आधीच जोडा, कारण त्यावर प्रश्न येणारच. मूळ कागद दाखवायला न्या, देऊन येऊ नका.

खरी गफलत होते ती आपल्या हिश्शाच्या पैशांत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. तुमच्या साठ लाखांच्या फ्लॅटला म्हणजे फार तर अठ्ठेचाळीस, आपले बारा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत (दहा लाखांच्या आतलं घर असेल तरच धरता येते). महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के पडतं, त्यावर नोंदणीचे जास्तीत जास्त ₹३०,०००. म्हणजे आणखी चार-साडेचार लाख रोख हवेत. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. घर जुनं असेल तर बँकेचा मूल्यमापक येऊन जातो, आणि त्याने साठच्या जागी छप्पन्न लाख लिहिले तर बँक छप्पन्नच धरते. मग ८० टक्के म्हणजे ४४ लाख ८० हजार, आणि तीन लाख वीस हजारांचा खड्डा ऐन वेळी तुमच्या पायाशी. हा खड्डा बुजवायला लोक वैयक्तिक कर्ज काढतात. तो हप्ता लगेच अहवालात दिसतो, पात्रता आणखी खाली येते, आणि मंजूर झालेलं कर्जही कमी होऊ शकतं. ते करू नका. त्यापेक्षा लहान घर बघा, किंवा वर्षभर थांबा.

तुम्ही प्रश्न विचारणाऱ्या स्त्री आहात म्हणून जाता जाता: महाराष्ट्रात घर फक्त स्त्रियांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. साठ लाखांवर साठ हजार वाचतात. नवऱ्याला मालक न करता फक्त सहकर्जदार घेता येतो, बऱ्याच बँकांना ते चालतं. पण मग त्याला करात काही वजावट मिळत नाही, आणि कर्जाची जबाबदारी मात्र पूर्ण राहते. हे दोघांनी बसून ठरवायचं, बँकेत नव्हे. दुसरं, किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का कर विक्रेत्याच्या नावे कापून सरकारजमा करायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची आहे. बँकवाला याची आठवण करून देईल या भरवशावर राहू नका.

आता व्याजदर. जाहिरातीतला "पासून सुरू" असा दर तुमचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. विचारायचं ते वेगळं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला बांधलेली असतात, बहुधा रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते त्याला. रेपो अधिक बँकेची भर, म्हणजे स्प्रेड, मिळून तुमचा दर होतो. किमान तीन महिन्यांतून एकदा तो नव्याने ठरतो. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्या आपापल्या मूळ दरावर चालतात, त्यामुळे रेपो उतरला तरी तिथे तुमचा हप्ता उतरेल याची तेवढी खात्री नाही. म्हणून प्रश्न असा: "माझा दर कशाला बांधलाय, त्यावर माझा स्प्रेड किती, आणि तो कशामुळे बदलू शकतो?" याचं उत्तर कागदावर मागा. दर पाव टक्क्याने कमी मिळाला, तर पन्नास लाखांवर वीस वर्षांत एक लाख ८९ हजारांचा फरक पडतो. आणि लोक दोन दिवस भांडतात ते दहा हजारांच्या प्रोसेसिंग फीवर.

दर चढला की काय होतं हे मे २०२२ नंतर अनेकांनी भोगलं. रेपो ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. समजा, तीस लाखांचं कर्ज ६.७५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं होतं, हप्ता ₹२२,८११. दोन वर्षं नेमाने भरले. बाकी राहिली अठ्ठावीस लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या जवळ, आणि आता दर झाला ९.२५. त्या महिन्याचं व्याजच होतं ₹२१,९५३. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात ₹८५८. कर्ज फिटायला आणखी ४२७ हप्ते लागतील, म्हणजे साडेपस्तीस वर्षं. आणि मुळात उरली होती अठरा. अशा वेळी बँका गुपचूप मुदत लांबवत होत्या, कर्जदाराला हप्ता तोच दिसायचा म्हणून तो निवांत. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडू द्या, आणि दर तिमाहीला किती मुद्दल फिटलं, किती हप्ते उरले याचं विवरण द्या. म्हणून अधिकाऱ्याला विचारा, "दर दोन टक्क्यांनी वाढला तर माझा हप्ता किती होईल? लिहून दाखवा." आणि तो आकडा तुमच्या तीन महिन्यांच्या प्रयोगाशी ताडून पाहा.

मुदतीचंही तसंच. अधिकारी सहज म्हणेल, "हप्ता जड वाटतोय? तीस वर्षं करून देतो." पन्नास लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ₹४३,३९१, तीस वर्षांचा ₹३८,४४६. महिना पाच हजार वाचले. एकूण व्याज मात्र ५४ लाखांवरून ८८ लाखांवर गेलं. तीस वर्षं नेहमी वाईटच असं मी म्हणणार नाही. सुरुवातीची ओढाताण खरी असते, आणि बदलत्या दराच्या घरगुती कर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड लावता येत नाही, त्यामुळे पगार वाढेल तसं मुद्दल कमी करता येतं. पण तसं करणारे थोडे. बोनस आला की तो गाडीत जातो. स्वतःला ओळखून ठरवा. ठरावीक दराचं कर्ज घेत असाल तर आधी फेडण्याचा दंड किती, आणि तो दर खरंच शेवटपर्यंत ठरावीक आहे की तीन-पाच वर्षांनी बदलणार, हे दोन्ही विचारा.

भेटीतून बाहेर पडताना एक कागद हातात हवा, किंवा मंजुरीबरोबर तो मिळेल असा शब्द तरी हवा: ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ (केएफएस), म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सगळ्या नव्या किरकोळ मुदतकर्जांना ते बंधनकारक आहे, आणि तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत, म्हणून मराठीत हक्काने मागा. त्यात फी, कायदेशीर तपासणी, मूल्यमापन, विमा असे सगळे खर्च मिळून वार्षिक खरा दर किती पडतो ते लिहिलेलं असतं, आणि हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक असतं. त्यात न लिहिलेला कोणताही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. दोन बँकांची तुलना करायची तर ही दोन पत्रकं शेजारी ठेवून वार्षिक खरा दर बघा. बाकी सगळी बोलाची कढी.

या पत्रकात विम्याची ओळ शोधा. गृहकर्जासोबत "कर्ज सुरक्षा" नावाने एकरकमी हप्त्याची पॉलिसी गळ्यात मारली जाते. तिचा हप्ता लाखाच्या घरात असू शकतो, तो कर्जातच मिळवतात, आणि मग त्या विम्यावरही तुम्ही वीस वर्षं व्याज भरता. आम्हाला त्याचं टार्गेट असायचं, खोटं कशाला बोलू. विमा नको असं माझं म्हणणं नाही. दोन कमावत्या माणसांनी कर्जाएवढा साधा मुदत विमा घेतलाच पाहिजे, आणि घराचा आगीचा विमाही. पण तो याच कंपनीचा, याच टेबलावर घेण्याची सक्ती नाही. "याशिवाय फाइल पुढे जात नाही" असं कोणी म्हणालं तर शांतपणे म्हणा, "हे मला ईमेलवर लिहून पाठवा." बहुधा फाइल पुढे जाते.

बिल्डरच्या ऑफिसात बसलेला कर्ज-एजंट तुमच्या बाजूचा नसतो आणि बँकेच्या बाजूचाही नसतो. ज्या बँकेकडून दलाली जास्त तिकडे तो वळतो. कागदपत्रं पळवायला उपयोगी पडतो, तेवढंच काम त्याला द्या. आणि एकाच आठवड्यात सहा बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. दोन, फार तर तीन.

आता सगळ्यात जास्त पैसे जिथे अडकतात ती जागा. मंजुरीपत्र मिळालं म्हणजे कर्ज मिळालं असं नाही. पहिली मंजुरी तुम्हाला असते, घराला नाही. त्यानंतर बँकेचा वकील मालकीची साखळी तपासतो, बहुधा तीस वर्षं मागे जाऊन, आणि अभियंता जागा बघून येतो. मंजूर नकाशात बाल्कनी आहे आणि प्रत्यक्षात तिथे खोली आहे, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नाही, मधल्या एका खरेदीखताची नोंदणीच झालेली नाही, अशा कारणांवर चांगल्या पगारदारांच्या फायली मी परत केल्या आहेत. तोवर त्यांनी मालकाला दोन लाख विसार देऊन टाकलेला असायचा. म्हणून अधिकाऱ्याला फ्लॅटचे कागद पहिल्याच भेटीत दाखवा. निदान मागच्या खरेदीखताची आणि इंडेक्स-२ ची (नोंदणी कार्यालयातल्या त्या व्यवहाराच्या उताऱ्याची) प्रत, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र. विचारा, "या इमारतीत तुम्ही आधी कर्ज दिलंय का?" होय म्हणाला तर अर्धी चिंता मिटली. आणि विसाराच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्या, की मालमत्तेच्या कागदांतल्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर विसार इतक्या दिवसांत पूर्ण परत मिळेल. मालक कुरकुर करेल. कुरकुर करू द्या; तो सही करायलाच तयार नसेल तर कागदांबद्दल त्याला काहीतरी ठाऊक आहे असं मी समजेन.

बांधकाम चालू असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताबा केव्हाचा लिहिलाय ते पाहा, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. त्याहून जास्त मागणं रेरा कायद्यातच बसत नाही. बँक पैसे बांधकामाच्या टप्प्याने सोडते. तोवर दिलेल्या रकमेचं नुसतं व्याज भरायचं की लगेच पूर्ण हप्ता सुरू करायचा, हे विचारतात. नुसतं व्याज भरत राहिलात तर मुद्दलाचा एक रुपयाही फिटत नाही आणि ताबा लांबला तर भाडं आणि व्याज दोन्ही चालू राहतात. जमत असेल तर पूर्ण हप्ता.

"कर वाचतो म्हणून कर्ज मोठं घ्या" हा सल्ला आता जुना झाला. स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची दोन लाखांची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, नवीत नाही, आणि नवी प्रणाली आपोआप लागू होते. तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात ते आधी पाहा, मग वाचणाऱ्या कराचा हिशेब मांडा.

काय बोलायचं नाही, असं विचारलंत. खोटं बोलायचं नाही, हे पहिलं. पगारवाढ होणार आहे, बाहेरून थोडी कमाई होते, हे कागद नसेल तर बोलून उपयोग नाही. बोललं तर उलट संशय येतो. "कसंही करून हेच घर घ्यायचंय, परवापर्यंत पैसे हवेत" हे तर मुळीच बोलू नका, मग दरावर बोलायला काही उरत नाही. दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र असेल तर ते मात्र जरूर टेबलावर ठेवा, शक्यतो काही न बोलता. महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा. त्या दिवसांत अधिकाऱ्याचं डोकं टार्गेटमध्ये असतं. त्याला तुमच्याशी बोलायला अर्धा तास मिळत नाही आणि तुमची सही मात्र आजच हवी असते. मार्चअखेर तर विसराच.

एकटीने गेलात तर चालेल का? पहिल्या भेटीला बिनधास्त जा. नवऱ्याचे कागद सोबत न्या, प्रश्न लिहून न्या, उत्तरं त्याच वहीत अधिकाऱ्यासमोरच लिहा. लिहिणाऱ्या माणसासमोर कोणीही सैल बोलत नाही. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी ईमेल टाका: आज आपण अमुक दर, अमुक स्प्रेड, अमुक फी असं सांगितलंत, बरोबर आहे ना? उत्तर येईल ते जपून ठेवा.

सह्यांच्या दिवशी मात्र दोघांनीही जा, रजा बुडाली तरी. शंभराच्या आसपास सह्या असतात, आणि तिसाव्या सहीनंतर माणूस वाचणं सोडतो. एकाने सही करायची, दुसऱ्याने पान वाचायचं, मग अदलाबदल. कोऱ्या जागा राहिल्या असतील तिथे आकडा भरून घ्या किंवा आडवी रेघ मारा. मूळ खरेदीखत आणि बाकीचे कागद बँकेत जमा करताना त्यांची यादी करून त्यावर शिक्का आणि सही घ्या, आणि ती यादी कर्ज फिटेपर्यंत सांभाळा. पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत हे कागद परत द्यायचे असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ₹५,००० तिने तुम्हाला द्यायचे आहेत. पण कोणते कागद दिले होते हे वीस वर्षांनी सिद्ध करायला तुमच्याकडे ती यादीच असेल, कारण ती घेणारा अधिकारी तोवर माझ्यासारखाच निवृत्त झालेला असेल.